लिंबाखालचा हात

शनिवारी सकाळची शाळा अकराला सुटते आणि पावणेअकराला केजहून येणारी सिदूची जीप फाटकापाशी थांबते. जीपमधून आधी एक कापडी पिशवी खाली येते, मग एक चप्पल आणि मग सत्यभामाबाई. वय चौसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे, आवाज मात्र अजून चाळिशीतला. सिदू दर शनिवारी तोच विनोद करतो, "बाई, सांभाळून उतरा. कविता सांडतील." बाई दर शनिवारी तेच उत्तर देतात, "सांडल्या तर उचलून वाच, मेल्या. तुझ्या डोक्यात काहीतरी जाईल." सहा वर्षं हे असंच चाललंय आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आलेला नाही.

निवृत्त झालेल्या माणसानं काय करावं? पेन्शन घ्यावी, दुपारी झोपावं, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत. बाईंनी हे सगळं दोन महिने करून बघितलं. मग एक दिवस उठल्या आणि डोंगराकडच्या या गावात आल्या. इथल्या शाळेत त्यांनी आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं काढली होती. शाळा सुटल्यावर दोन तास पोरांना कविता शिकवते म्हणाल्या, फुकट. आता फुकट म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात दुखतंच. कुणी म्हणालं यात काहीतरी मतलब असणार. एकानं तर बाई पंचायतीला उभ्या राहणार असंही उठवलं. बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "उभी राहते की. झेंड्याच्या कट्ट्यावर, कविता म्हणायला."

झेंड्याचा कट्टा आणि रस्त्याकडचा कडुलिंब, एवढ्यावर बाईंची सगळी विद्या उभी. कविता आधी लिहायची नाही, आधी सांगायची. येताना काय पाहिलंस, घरी कोण कुणाला काय म्हणालं, सांग. सांगता सांगता जे शब्द दुसऱ्यांदा तसेच्या तसे तोंडात येतील, ते लिही. लिहून झालं की कट्ट्यावर उभं राहून म्हण. म्हणताना एक पोर साठ पावलांवर लिंबाखाली उभं. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला तर त्यानं हात वर करायचा आणि ओरडायचं, "पोचली, बाई!" हात वर झाला नाही तर परत. ओरडून चालायचं नाही, नुसतं ओरडलं की शब्द फाटतात. बाईंकडं शंभरापैकी गुण नव्हते. कविता पोचली किंवा नाही पोचली, बस.

ही खोड त्यांना लागली ती दिंद्रुडला, माहेरी. चौथीत असताना पंधरा ऑगस्टला त्यांनी शाळेत कविता म्हटली होती. वडील सगळ्यात मागच्या रांगेत, धोतर सावरत उभे. कविता संपल्यावर त्यांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी जेवताना हळूच विचारलं, "सत्ये, काय म्हणलीस गं तू? मला काय ऐकूच न्हाई आलं." ते लाजून विचारत होते, जसा काही दोष त्यांच्या कानाचा. बाईंना तो घास अजून गिळता येत नाही. त्या दिवसापासून त्यांनी ठरवलं, मागच्या रांगेतल्या माणसाला ऐकू गेलं नाही तर कविता झालीच नाही.

पण बाईंची खरी वर्षं म्हणाल तर हंगामी वसतिगृहाची. दिवाळी झाली की हे गाव रिकामं व्हायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असे साठ-सत्तर कोयते मुकादमाच्या ट्रकमधून ऊसतोडीला जायचे ते थेट शिमग्यालाच परतायचे. घरांना कुलपं लागायची. पोरांची शाळा बुडू नये म्हणून शाळेतच त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली. बत्तीस पोरं, दोन खोल्या, सतरंज्या, पत्र्याच्या पेट्या आणि स्वयंपाकाला भिवराबाई. भिवराबाईची आमटी इतकी तिखट, की पोरं म्हणायची, घरची आठवण आली म्हणून न्हाई, आमटीनं डोळ्यात पाणी आलं. बाईंना ठाऊक होतं, काहींच्या बाबतीत ते खोटं होतं.

दिवे लागायच्या वेळेला पोरं गप्प व्हायची. एक मुसमुसायला लागलं की बत्तीसच्या बत्तीस. त्यावर उपाय म्हणून बाईंनी कविता काढली. माय-बापाला काय सांगायचं ते जुळवून सांगा, म्हणाल्या, आपण फोनवर ऐकवू. फडावर आठवड्याच्या बाजाराचा दिवस म्हणजे अर्धी सुट्टी. त्या दिवशी मुकादमाचा मोबाईल मधोमध एका रिकाम्या पातेल्यात ठेवायचा. पातेल्यात आवाज घुमतो, अकरा कोप्यांतली, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांतली, माणसं भोवती बसून ऐकायची. इकडून एकेक पोर बाईंच्या फोनात कविता म्हणायचं. तिकडून कुणीतरी ओरडायचं, "पोचली गं बाई!" काय दिवस होते ते! बाईंना अजून वाटतं, त्या पातेल्याएवढा चांगला श्रोता त्यांना पुढं कधी मिळाला नाही.

त्या बत्तिसांत एक होती वर्षाराणी. सातवीतली, दोन वेण्या, एक कायम सुटलेली. तिची आई बायनाबाई फडावर नावाजलेली, ती हसण्यासाठी. ही बाई हसायला लागली की पलीकडच्या थळातली, म्हणजे शेजारच्या उसातली, माणसं विचारायची, काय झालं हो? आणि वर्षाराणीनं तिच्यावरच कविता केली. पहिल्याच झटक्यात लिंबाखालून हात वर आला आणि हात वर करणारं पोर हसून हसून खाली बसलं.

त्याच महिन्यात बीडला एका मंडळानं जिल्ह्याची काव्यवाचनाची स्पर्धा ठेवली. बाईंनी वर्षाराणीचं नाव दिलं. आणि इथं बाईंनी जे केलं, ते आपल्याकडचा कुणीही भला शिक्षक करील. त्यांना वाटलं, बीडला परीक्षक बसणार, शहरातले लोक, ऊसतोडीवाल्याची पोर व्यासपीठावर येणार आणि म्हणणार काय, तर माझी माय हसते? लोक म्हणतील, यांना काय दुःख आहे मग? हसण्याला बक्षीस कोण देतो? म्हणून त्यांनी तांबडा पेन घेतला आणि पोरीच्या कागदावर रेघा ओढल्या. हसणारी माय खोडली आणि तिच्या जागी लिहिलं,

माझी आई रडते तेव्हा
ऊससुद्धा झुरतो,
तिच्या हातच्या फोडांमधून
साखरेचा कण झरतो.

वर्षाराणीनं कागद वाचला. "बाई, पण माझी माय रडत न्हाई," ती म्हणाली.

"अगं, कवितेत रडते," बाई म्हणाल्या. "चालतं तसं."

बाईंवर पोरीचा देवाएवढा विश्वास होता. बीडला तिनं कविता म्हटली, तीनपैकी दोन परीक्षकांनी डोळे पुसले, पहिला नंबर आला. ढाल मिळाली, एक शब्दकोश मिळाला. परतीच्या एसटीत ढाल मांडीवर घेऊन दोघींनी स्टँडवरची गरम भजी खाल्ली. बाई त्या दिवशी इतक्या खुशीत होत्या, की कंडक्टरलाही चार भजी दिली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी फोन लागला. पातेल्याभोवती अकरा कोप्या जमल्या. वर्षाराणीनं बक्षिसाची कविता म्हटली. म्हणून झाल्यावर तिकडून कुणीच "पोचली" म्हटलं नाही. मग बायनाबाईचा आवाज आला, कधी नव्हे इतका हळू, "वर्षे, मी कदी रडले गं? तुला कुणी सांगितलं मी रडायली म्हणून?"

मागून कुणी बाई फिसकन हसली. मुकादम म्हणाला, "बायना, रडायचंच हाय तर पुढल्या साली घरी बस, मी दुसरा कोयता बघतो." तो थट्टेत म्हणाला असेल, नसेलही. पण फडावर एकदा नाव पडलं की ते पुसत नाही. त्या दिवसापासून बायनाबाई 'रडकी बायना' झाली.

बाई फोनच्या शेजारीच उभ्या होत्या. एका वाक्याचं काम होतं. बायनाबाई, ते मी लिहिलं, पोरीनं नाही. वाक्य ओठावर आलं आणि तिथंच राहिलं. बत्तीस पोरं बघत होती, टेबलावर ढाल होती. तेवढ्यात वर्षाराणीच म्हणाली, "माय, मीच लिव्हलं. चुकलं माझं." आणि फोन बंद झाला. त्यानंतर वर्षाराणीनं कविता केली नाही. बाईंनी दोनदा म्हटलं, तर ती म्हणाली, "बाई, मला गणित लई अवघड जायलंय, ते करते." शिमग्याला माय-बाप परत आले, पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली आणि तीन वर्षांनी वर्षाराणीचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

सोळा वर्षं झाली त्याला. बाई निवृत्तीनंतर याच गावात का येतात, याचं उत्तर लोक कुठं कुठं शोधतात. ते वस्तीच्या टोकाला होतं, बायनाबाईच्या घरात. त्या रस्त्यानं बाई कधी जात नाहीत.

दिवाळीनंतर वर्गात एक नवी पोरगी आली. आरोही, चौथीतली. बाईंनी नाव-गाव विचारलं. म्हणाली, "माझी माय फडावर गेलीय. मी आजीपाशी राहते. आजीचं नाव बायनाबाई, मायचं वर्षाराणी." पोरीची एक वेणी सुटलेली होती. बाईंनी ती बांधून दिली आणि मग बराच वेळ फळा पुसत राहिल्या. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आरोही भारी निघाली. सांगायला बसली की थांबायची नाही. दोन महिन्यांत तिच्या तीन कविता लिंबापर्यंत पोचल्या. आणि संक्रांतीच्या आधल्या शनिवारी बायनाबाई स्वतः शाळेत आली. कंबरेत वाकलेली, चार वर्षांपासून फडावर जाणं बंद, पण डोक्यावरचा पदर तसाच ताठ.

"या बायनाबाई, बसा," बाई म्हणाल्या.

"बसायला न्हाई आले. लेकराला न्यायला आले. आरू, ऊठ." मग बाईंकडं वळून ती म्हणाली, "बाई, तुमचं उपकार हाय आमच्यावर. हिला लिव्हायला शिकवा, हिसाब शिकवा. कविता तेवढी नको. माझ्या लेकीनं एकदा कविता केलती, तवा अकरा कोप्यांत माझी शोभा झाली. कविता लई खोटं बोलती, बाई. आता नात बी करायली. मी काय मेल्यावर सुदा रडकीच राहू का?"

आरोहीनं वही छातीशी धरली होती. ती आजीकडं बघत नव्हती, बाईंकडं बघत होती. सोळा वर्षांपूर्वी असंच एक पोर बघत होतं. बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तिला एकदाच येऊ द्या. तुम्हीही या. मग तुम्ही म्हणाल तसं."

"तुमी म्हणायलात म्हणून येते," बायनाबाई म्हणाली. "पण ते शेवटचं."

तो आठवडा बाईंनी कसा काढला त्यांनाच ठाऊक. माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. बत्तीस पोरांच्या वह्या, हजेऱ्या, भिवराबाईचा एक फोटो, आणि शेवटी तो कागद. पेन्सिलीचं अक्षर फिकट झालेलं, तांबडी शाई मात्र कालची वाटावी अशी. पहिली दोन कडवी रेघांखालून वाचता येत होती. तिसऱ्यावर बाईंनी इतक्या रेघा मारल्या होत्या की एक अक्षर लागेना. कागद खिडकीपाशी धरला, चष्मा बदलला, काही उपयोग नाही. आठवायला बसल्या, आठवेना. आपणच कवितेचा गळा असा दाबला होता! बाई पेटीपाशी बसून रडल्या, आणि रडताना त्यांना स्वतःचीच चीड आली. दुसऱ्या दिवशी त्या गॅसपुढं उभ्या राहून कडवी घोकत होत्या, तेव्हा सून सुनिता म्हणाली, "आई, कुकरशी बोलायलात का?"

"कुकरच बरा," बाई म्हणाल्या. "तो काही विचारत नाही."

शनिवार उगवला. सिदूनं आपला विनोद केला, पण बाईंनी उत्तर दिलं नाही, तेव्हा तो घाबरून म्हणाला, "तब्येत बरी हाय ना, बाई?" वर्ग भरला. बायनाबाई लिंबाच्या पारावर येऊन बसली, कट्ट्यापासून साठ पावलं, बरोबर मागच्या रांगेत. बाईंनी शाळेच्या स्वयंपाकखोलीतून खिचडीचं रिकामं पातेलं मागवलं आणि आपला मोबाईल आरोहीला देत म्हणाल्या, "तुझ्या मायला फोन लाव." फडावर भाकरीची सुट्टी होती, फोन लगेच लागला. "वर्षाराणी," बाई म्हणाल्या, "मी सत्यभामाबाई. काही बोलू नकोस. नुसतं ऐक." त्यांनी मोबाईल कट्ट्यापाशी पातेल्यात ठेवला आणि स्वतः कट्ट्यावर चढल्या. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. बाई कधीच कट्ट्यावर चढत नसत.

"सोळा वर्षांपूर्वी या शाळेतल्या एका मुलीनं तिच्या आईवर कविता केली," बाई म्हणाल्या. "मी ती खोडली. बक्षिसासाठी खोडली. रडणारी आई मी लिहिली, त्या मुलीनं नाही. तिच्या आईला सगळ्या फडानं नाव ठेवलं, मुलीनं दोष स्वतःवर घेतला आणि मी शेजारी उभी राहून गप्प बसले. मला लाज वाटते त्याची. आता तिची कविता ऐका."

लिंबाखाली बायनाबाई उभी राहिली होती. बाईंनी कागद पुढं धरला.

माझी माय हसती तवा
बैल बघतो वळून,
चुलीवरचा चहा सुदा
उतू जातो पळून.

गाडी हाकती उभी राहून,
बाप बसतो मागं,
म्हणतो, "हळू हाक गं बये,"
तिला येतो राग.

बाई थांबल्या. "यापुढचं मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "मीच खोडलंय."

शाळेच्या मागं कुठंतरी कोंबडी ओरडली. आणि मग पातेलं बोलायला लागलं. आधी खरखर झाली, मग एका बाईमाणसाचा आवाज आला, अडखळत, पण शब्दन् शब्द साफ, असा आवाज बाईंनी घडवला होता.

फोनवर मला म्हणली,
"पोरी, रडू नको बाई,"
मी म्हणलं, "हसून दाव,
दुसरं कायबी न्हाई."

बायनाबाई साठ पावलं चालून आली. कंबर धरत, वाटेत कुणाकडं न बघता. ती पातेल्यावर वाकली. "वर्षे, हे तू लिव्हलंतं?"

"हां, माय."

"मग मला कावून न्हाई सांगितलं गं? सोळा वर्षं!"

"बाईंनी मला बीड दावलं होतं, माय. भजे खाऊ घातले. त्यांचं नाव कसं घेऊ सगळ्यांसमोर?"

बाईंना कट्ट्यावर उभं राहवेना. त्या तिथंच खाली बसल्या, पदर तोंडाला लावून. बायनाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. मग ती बाईंच्या शेजारी कट्ट्यावर टेकली, कंबरेला हात लावून.

"वळून बघतो का गं बैल?" ती पातेल्याला म्हणाली. "खरंच?"

"बघायचा की. तुलाच न्हाई दिसायचं, तू हसायलेली असायचीस. माय, मग हसून दाव की."

"ह्या वयात? येडी झालीस का?" बायनाबाई म्हणाली आणि बोलता बोलताच तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग जे सुटलं ते सुटलंच. तोंडापुढं पदर नाही, हात नाही. आरोही हसायला लागली, पोरं हसायला लागली, पातेलं हसायला लागलं. फाटकाबाहेर सिदू जीपमधून खाली उतरून बघत होता, काय झालं म्हणून.

लिंबाखाली उभं राहायचा त्या दिवशी वैष्णवीचा नंबर होता. कविता कधीच संपली होती, पण ती आपली जागा सोडून आली नव्हती. तिनं हात वर केला आणि ओरडली, "पोचली, बाई!"